खाटेचा दिवस ते सिस्टरचे मिनिट : रुग्णसेवेच्या हिशेबाचा इतिहास

१/ गेल्या वर्षी आजोबांच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. नऊ दिवसांनी डिस्चार्ज मिळाला तेव्हा हातात तीन पानी बिल आले. हातमोज्यांच्या जोड्या, सिरिंज, कापूस, सलाईनच्या बाटल्या, सारे नगानिशी मोजलेले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, आजोबांना कुशीवर वळवणाऱ्या सिस्टरच्या कामाची मात्र एकही ओळ त्यात नव्हती. ते काम ‘बेड चार्जेस × ९’ या ओळीत विरघळून गेले होते.

२/ कापूस नगावर मोजायचा आणि माणसाचे काम खाटेच्या भाड्यात टाकायचे, हे कोणी ठरवले? केव्हा ठरवले? आणि ते बदलण्याचा प्रयत्न कधी झाला का? आजचा धागा या प्रश्नांचा आहे. हिशेबाच्या वह्यांचा इतिहास रुक्ष वाटतो खरा. पण कोणाचे श्रम दिसावेत आणि कोणाचे झाकले जावेत, याचा निर्णय अनेकदा त्या वह्यांतच झालेला असतो. तेव्हा वाचकहो, थोडा धीर धरावा.

३/ आरंभ फ्लोरेन्स नाइटिंगेलपासून करू. १८५४ साली क्रिमियन युद्धाच्या काळात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचलेली ‘दिवा घेतलेली स्त्री’ आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते. संख्याशास्त्राची कसून साधना करणारी नाइटिंगेल त्या मानाने अपरिचित. ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ हे तिचे पुस्तक १८५९ साली आले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद भरली, तेव्हा सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात असा प्रस्ताव तिने मांडला.

४/ किती रुग्ण आले, कोणत्या आजाराचे, किती दिवस राहिले, किती बरे झाले, किती दगावले, अशा नोंदी तिला हव्या होत्या. त्यामागचा तिचा एक युक्तिवाद थेट पैशाचा होता. अशा नोंदी असल्या, तर वर्गणीदारांना आपल्या पैशाचे काय होते आणि त्यातून खरोखर किती भले होते, हे कळेल असे तिचे म्हणणे. खर्च आणि फलित एकाच कागदावर यावे, ही कल्पना इतकी जुनी आहे.

५/ ‘वर्गणीदार’ हा शब्द येथे महत्त्वाचा. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील बरीच मोठी रुग्णालये देणग्यांवर चालत. त्यामुळे हिशेबाचा पहिला वाचक होता देणगीदार. त्याचा प्रश्न साधा : माझे पैसे या रुग्णालयाला द्यावेत की त्या? पण प्रत्येक संस्था आपल्या पद्धतीने वही लिहीत असल्याने तुलना करायची कशी, हा पेच होता.

६/ तो सोडवायला पुढे आले हेन्री बर्डेट. बर्मिंगहॅमच्या क्वीन्स हॉस्पिटलचे आणि नंतर ग्रिनिचच्या खलाशांसाठीच्या रुग्णालयाचे ते सचिव होते; पुढे लंडनच्या शेअर बाजारात अधिकारी झाले. रुग्णालय आणि बाजार या दोन्ही जगांची भाषा त्यांना येत होती. १८९३ साली त्यांनी रुग्णालयांसाठी एकसमान हिशेबपद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. १८९७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी वर्षात, लंडनच्या रुग्णालयांसाठी निधी स्थापन झाला. पुढे ‘किंग्ज फंड’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेने एकसमान हिशेबाचा आग्रह धरला.

७/ या साऱ्यातून एक एकक रूढ झाले : भरलेल्या खाटेमागे येणारा खर्च. एकूण खर्च घ्या, भरलेल्या खाटांनी भागा, झाले. देणगीदाराला दोन रुग्णालयांची तुलना करण्यापुरते ते पुरेसे होते. पण या भागाकारात विषमज्वराने फणफणलेला रुग्ण आणि उद्या घरी जाणारा रुग्ण एकसारखेच ठरत. रुग्ण मोजला जात नव्हता. खाट मोजली जात होती.

८/ सरासरीची ही फसवणूक एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन दिवस प्रत्येकी १०,००० रुपये खर्चाचे आणि पुढचे तीन दिवस प्रत्येकी २,००० रुपयांचे. एकूण २६,०००, दिवसाची सरासरी ५,२००. आता रुग्णाला विनाकारण आणखी तीन दिवस ठेवले तर एकूण खर्च ३२,०००, पण आठ दिवसांची सरासरी उतरून ४,००० होते! खर्च वाढला आणि कागदावर रुग्णालय ‘काटकसरी’ ठरले.

९/ आता अटलांटिक ओलांडून बॉस्टनला जाऊ. तेथे अर्नेस्ट एमरी कॉडमन या शल्यचिकित्सकाने वेगळाच प्रश्न विचारला : रुग्ण शेवटी बरा झाला का? प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा करावा, बरा झाला नसेल तर कारण शोधावे आणि ते जाहीर करावे, ही त्याची ‘एंड रिझल्ट’ कल्पना. १९११ साली त्याने स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९१६ पर्यंत तेथून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्याने स्वतः नोंदवून छापल्या.

१०/ कॉडमनच्या वर्तुळात आणखी एक विलक्षण माणूस होता : फ्रँक गिलब्रेथ. मूळचा गवंडीकाम शिकलेला. विटा रचताना होणाऱ्या हालचालींचा अभ्यास करता करता तो ‘गतिअभ्यासा’चा प्रवर्तक झाला. चलचित्राचा कॅमेरा घेऊन तो शस्त्रक्रियागृहात शिरला. शल्यचिकित्सकाचा बराच वेळ हत्यारे शोधण्यात जातो, हे त्याला दिसले. परिचारिकेने योग्य हत्यार योग्य क्षणी हातात द्यावे, ही आज आपण गृहीत धरतो ती रीत रुजवण्यात त्याच्या अभ्यासाचा वाटा मानला जातो. रुग्णसेवेचे छोट्या छोट्या कृतींत पृथक्करण करण्याची ही पहिली चाहूल.

११/ कॉडमनचे पुढे काय झाले? बढत्या ज्येष्ठतेऐवजी फलितावर द्याव्यात या मागणीवरून १९१४ साली त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. जानेवारी १९१५ मध्ये भर सभेत त्याने एक व्यंगचित्र उघडले : वाळूत डोके खुपसलेला, सोन्याची अंडी देणारा शहामृग; म्हणजे डोळे मिटून पैसे मोजणारे श्रीमंत बॉस्टनकर. सभेत गदारोळ झाला. त्याची प्रॅक्टिस ओसरली. १९४० साली तो वारला आणि त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसायला २०१४ साल उजाडले.

१२/ कॉडमनचा प्रश्न मागे पडला. खाटेचा दिवस मात्र अधिकच पक्का झाला. १९२९ साली डॅलसमध्ये बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या वतीने जस्टिन फोर्ड किंबॉल यांनी शिक्षकांसाठी एक योजना आखली : महिना ५० सेंट भरा आणि गरज पडल्यास २१ दिवसांपर्यंतची रुग्णालयसेवा मिळवा. अमेरिकेतील ‘ब्लू क्रॉस’ विम्याचे मूळ येथे आहे. देणगीदाराच्या वहीतला ‘दिवस’ आता विम्याच्या करारात शिरला.

१३/ आणि आपल्या सिस्टरची ओळ नेमकी याच काळात हरवली. त्यापूर्वी अमेरिकेत पुष्कळ प्रशिक्षित परिचारिका ‘प्रायव्हेट ड्यूटी’ करीत. रुग्णाचे कुटुंब त्यांना थेट वेतन देई. म्हणजे त्यांच्या कामाला स्वतंत्र किंमत होती. महामंदीत कुटुंबांना ते परवडेनासे झाले आणि परिचारिका हळूहळू रुग्णालयाच्या पगारी सेवक झाल्या. त्यांचा खर्च खोलीभाड्यात मिसळला. क्ष-किरण तपासणीला दर, प्रयोगशाळेला दर, शुश्रूषा मात्र चादर-उशीच्या रांगेत.

१४/ १९६५ साली अमेरिकेत वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आले. सरकार रुग्णालयांना झालेला खर्च भरून देऊ लागले. साहजिकच ‘झालेला खर्च’ ठरवण्याचे नियम आले. धुलाई, स्वयंपाकघर, दुरुस्ती, प्रशासन यांचा खर्च पायरीपायरीने वॉर्डांवर उतरवायचा. कधी चौरस फुटांच्या प्रमाणात, कधी धुतलेल्या कपड्यांच्या वजनाच्या प्रमाणात. वॉर्डाचा खर्च निघे. त्या वॉर्डातील एका रुग्णाचा खर्च पुन्हा सरासरीनेच. शिवाय जितका खर्च दाखवाल तितका परतावा, मग काटकसर कोण करील?

१५/ सरासरी किती झाकू शकते, हे १९७५ साली एका छोट्या शोधनिबंधाने दाखवले. डंकन न्यूहाउझर आणि ॲन लेविकी यांनी आतड्याच्या कर्करोगासाठी शौचाची तपासणी सलग सहा वेळा करण्याच्या तत्कालीन शिफारशीचे गणित मांडले. सहा तपासण्यांत सापडलेल्या प्रत्येक रुग्णामागे सरासरी खर्च येई २,४५१ डॉलर. पण केवळ सहाव्या तपासणीमुळे सापडणाऱ्या एका जादा रुग्णामागचा खर्च निघाला ४ कोटी ७१ लाख डॉलरांहून अधिक! गृहीतकांवर नंतर वाद झाले, पण धडा पक्का राहिला. प्रत्येक कृती तिच्या स्वतःच्या खर्चासह पाहिल्याशिवाय निर्णय घेता येत नाही.

१६/ त्याच सुमारास येल विद्यापीठात दोन प्राध्यापक या गुंत्याशी झुंजत होते. रॉबर्ट फेटर हे औद्योगिक व्यवस्थापनातले. जॉन थॉम्प्सन मूळचे परिचारक आणि मग रुग्णालय प्रशासनाचे अध्यापक. फेटर यांचा प्रश्न : कारखान्याला आपले उत्पादन ठाऊक असते, तर रुग्णालयाचे उत्पादन कोणते? उत्तर म्हणून त्यांनी रुग्णांचे निदानानुसार गट पाडले, त्यांनाच ‘डीआरजी’ म्हणतात. न्यू जर्सीत प्रयोग झाल्यावर १ ऑक्टोबर १९८३ पासून मेडिकेअरने ४६७ गट करून प्रत्येक गटाला ठरीव रक्कम द्यायला सुरुवात केली.

१७/ हिशेबाच्या इतिहासातील ही मोठी उलथापालथ. ‘दिवस’ जाऊन ‘आजाराचा प्रकार’ एकक झाला. रुग्णाला जास्त दिवस ठेवणे आता फायद्याचे राहिले नाही. उलट लवकर घरी पाठवण्याचा मोह सुरू झाला. पण एकाच गटातील दोन रुग्णांना लागणारी शुश्रूषा सारखी नसते, ही अडचण उरलीच. थॉम्प्सन यांनी १९८४ साली शुश्रूषेची तीव्रता मोजण्याचा प्रश्न लेख लिहून मांडला. ते स्वतः परिचारक होते, हा योगायोग मला वाटत नाही.

१८/ उत्तराचा पुढचा तुकडा रुग्णालयाबाहेर, कारखान्यात घडला. १९८०च्या दशकात यंत्रे वाढली आणि मजुरी हा खर्चाचा लहानसा भाग उरला. तरीही सगळा वरखर्च मजुरीच्या तासांवरच वाटला जात होता. हार्वर्डचे रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी जॉन डीअरसारख्या कारखान्यांच्या अभ्यासातून या पद्धतीतील दोष उघड केला. १९८८ मधील त्यांच्या लेखाने ‘ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग’, म्हणजे कृती-आधारित खर्चमापन, सर्वदूर पोहोचवले.

१९/ तत्त्व सोपे आहे. वस्तू थेट खर्च खात नाही. वस्तूसाठी कृती कराव्या लागतात आणि त्या कृती माणसे, यंत्रे, जागा वापरतात. म्हणून आधी कृतीचा खर्च काढा, मग कोणाला किती कृती लागल्या ते पाहा. रुग्णालयात पाहायचे तर औषध विभागाचा खर्च सगळ्या रुग्णांवर समान वाटायचा नाही. कोणासाठी किती वेळा, किती गुंतागुंतीची औषधे तयार करावी लागली, त्यावरून वाटायचा. १९९०च्या दशकात अनेक रुग्णालयांनी हे करून पाहिले.

२०/ पण अनेक ठिकाणी प्रयोग रेंगाळले. ‘तुमचा किती टक्के वेळ कोणत्या कामात जातो?’ असे प्रत्येकाला विचारत बसावे लागे. उत्तरे अंदाजपंचे येत, टक्क्यांची बेरीज बरोबर शंभर भरे आणि रिकामा वेळ कोणीच दाखवत नसे. म्हणून २००४ साली कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी सुटसुटीत रूप सुचवले. त्यात दोनच आकडे लागतात : माणसाच्या एका मिनिटाचा खर्च, आणि त्या कामाला लागणारी मिनिटे.

२१/ आजोबांच्या सिस्टरवर हा प्रयोग करू. आकडे माझ्या कल्पनेतले. समजा, तिच्यामागे रुग्णालयाचा महिन्याचा खर्च ४०,००० रुपये. रोज ८ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १२,४८० मिनिटे. जेवण, नोंदी, ड्यूटी बदलणे वजा जाता ८० टक्के धरली, तर सुमारे १०,०००. मिनिटाला ४ रुपये. कूस बदलायला १० मिनिटे, दिवसातून १२ वेळा : १२० मिनिटे, ४८० रुपये. नऊ दिवसांचे ४,३२०. इतके दिवस अदृश्य असलेली ओळ कागदावर उतरली.

२२/ २०११ साली कॅप्लन आणि मायकेल पोर्टर यांनी हीच पद्धत आरोग्यसेवेच्या खर्चावरील उपाय म्हणून मांडली. बॉस्टनचे मुलांचे रुग्णालय, ह्यूस्टनचे एमडी अँडरसन कर्करोग केंद्र, जर्मनीतील श्योन क्लिनिक येथे प्रयोग झाले. रुग्ण दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा प्रत्येक टप्पा, तो कोण करतो, किती मिनिटे लागतात, याचा नकाशा डॉक्टर आणि परिचारिकांनी मिळून काढला. पोर्टर यांचा आग्रह असा की हा खर्च फलिताच्या शेजारी मांडला जावा. नाइटिंगेल आणि कॉडमन यांची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

२३/ हे सारे आपल्याला दूरचे वाटायला नको. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो वा २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण देणारी आयुष्मान भारत योजना असो, दोन्हींत उपचारांचे ‘पॅकेज’ दर ठरलेले असतात. कल्पनेच्या पातळीवर हे पॅकेज डीआरजीचेच भावंड. दर बेताचा ठेवला तर रुग्णालय रुग्ण नाकारते किंवा सेवेत कपात करते. सढळ ठेवला तर नको त्या शस्त्रक्रियांना निमंत्रण मिळते. म्हणून खरा खर्च माहीत हवा, आणि तो शोधण्यासाठी चंडीगडच्या पीजीआयने देशभरातील रुग्णालयांचा खर्च तपशिलात मोजण्याचा मोठा अभ्यास हाती घेतला.

२४/ तरीही एक सावधगिरी. मोजमाप दुधारी असते. ज्या मिनिटांतून सिस्टरचे काम दिसते, तीच मिनिटे दाखवून कोणी म्हणू शकतो, ‘दहाऐवजी सहा मिनिटांत उरकता येईल.’ गिलब्रेथचा कॅमेरा जसा काम सोपे करायला वापरता येतो, तसाच माणसाला घाईस लावायलाही. घाबरलेल्या म्हाताऱ्याचा हात धरून बसलेली चार मिनिटे नकाशात कोठे मांडायची? आणि अतिदक्षता विभागातील रिकामी खाट ही उधळपट्टी नसते. अग्निशमन दलाच्या उभ्या बंबासारखी ती वेळप्रसंगासाठी राखलेली असते.

२५/ तेव्हा प्रश्न मोजावे की मोजू नये, असा नाही. मोजमाप तर १८६० पासून चालूच आहे. देणगीदाराने विचारले तेव्हा खाट मोजली गेली. विमा कंपनीने विचारले तेव्हा दिवस. सरकारने विचारले तेव्हा आजाराचा गट. जो विचारतो, त्याच्या सोयीचे एकक ठरते. रुग्ण आणि त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती यांनी विचारायची वेळ या साऱ्या इतिहासात फार क्वचित आली. कृती मोजण्याच्या पद्धतीत पहिल्यांदा ती शक्यता दिसते, कारण नकाशा काढताना काम करणाऱ्यांनाच विचारावे लागते.

२६/ आजोबा आता काठी घेऊन अंगणात फिरतात. पाठीला एकही जखम झाली नाही. ते बिल मी जपून ठेवले आहे. पुढेमागे कोणा संशोधकाला साधन म्हणून उपयोगी पडेल. त्यात सिस्टरची ओळ नाही, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने मी लिहून ठेवले आहे : ‘कूस बदलणे, दिवसातून १२ वेळा, ९ दिवस.’ तुमच्या घरच्या कपाटातही असे एखादे जुने बिल असेल. काढून पाहा; त्यात काय मोजले आहे आणि काय नाही, ते अवश्य कळवा.

धागा समाप्त.